इंजिनाची फुंकणी

‘हजार सीसीच्या इंजिनातून तीनशे घोडे निघतात तरी कसे?’

तुर्कस्तानातल्या त्या पुलाची चित्रफीत पाहिलेला माणूस हा प्रश्न विचारतोच. ३० जून २०१६ रोजी, इझमितच्या आखातावरचा उस्मान गाझी पूल वाहतुकीला खुला होण्याआधी, केनान सोफुओग्लू या शर्यतपटूने त्या रिकाम्या पुलावरून कावासाकीची निंजा एच टू आर दौडवली. अवघ्या २६ सेकंदांत काटा ताशी ४०० किलोमीटरवर गेला. या गाडीचं इंजिन ९९८ सीसीचं, म्हणजे एखाद्या छोट्या मोटारीएवढं. फरक एका पंख्याचा. तो पंखा हवा दाबून इंजिनात कोंबतो, आणि त्यालाच सुपरचार्जर म्हणतात.

एवढं कळलं की पुढचा प्रश्न येतो: ‘मग आपल्या गाडीला असा पंखा बसवला तर?’

बसवता येतो. हौशी लोक जगभर बसवतात. पण पंखा बसवणं हे आठवड्याभराचं काम असेल, तर त्यानंतरचं ट्यूनिंग आणि चाचणी हे कित्येक महिन्यांचं. हवा कोंबणं सोपं आहे; अवघड आहे ते इंजिनाला ती पचवायला लावणं. या प्रकरणाचा बराचसा भाग त्या पचनाबद्दल आहे.

१. चूल पेटते कशावर?

चुलीत लाकडं कितीही घाला, हवा नसेल तर नुसता धूर होतो. म्हणून आजी फुंकणी हातात घ्यायची आणि लोहार भाता चालवायचा. इंजिन हीसुद्धा चूलच आहे. तिच्यात पेट्रोल जास्त ओतणं हा काही मोठा पराक्रम नाही. अडतं ते हवेपाशी.

किती हवा लागते? एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा. एक लिटर पेट्रोल भरतं पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्याला अकरा किलो हवा हवी. हवा इतकी हलकी की अकरा किलोला नऊ हजार लिटरहून अधिक जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा तीन लिटर पेट्रोल फस्त करून टाकतं.

आपण म्हणतो, इंजिन हवा ओढतं. खरं तर पिस्टन खाली जाऊन फक्त जागा करून देतो, आणि बाहेरचं वातावरण हवेला आत ढकलतं. तो ढकलणारा दाब समुद्रकाठी सुमारे एक बार असतो. घाट चढू लागलं की तो घटत जातो. महाबळेश्वरला तो मुंबईपेक्षा जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी, म्हणून तिथे तीच गाडी जरा मरगळल्यासारखी वाटते. सुपरचार्जर याच्या उलट करतो. गाडीला तो समुद्रसपाटीच्याही खाली, कुठल्या तरी खोल पाताळात नेऊन ठेवतो, जिथे हवा दाट आहे.

२. रहाट आणि गोफण

हवा कोंबणारी यंत्रं मुख्यत्वे दोन घराण्यांतली. एक रहाटाचं. विहिरीवरच्या रहाटाला जितके पोहरे, तितकंच पाणी एका फेऱ्यात वर येणार. फेरा हळू असो वा जलद. रूट्स ब्लोअर आणि पात्यांचा कॉम्प्रेसर या घराण्यातले. दुसरं घराणं गोफणीचं. मधोमध हवा घ्यायची, गरगर फिरवून कडेला भिरकावायची, आणि तिचा वेग कमी करता करता त्याचा दाब करायचा. गोफणीत रहाटासारखी मापं नाहीत, सगळा खेळ वेगाचा.

जुन्या शर्यतींत रहाटाचं राज्य होतं. बीएमडब्ल्यूच्या ५०० सीसी कॉम्प्रेसर बाइकमध्ये पात्यांचा ब्लोअर इंजिनाच्या पुढच्या बाजूलाच बसवलेला असे. याच घराण्यातल्या गाडीवर एर्न्स्ट हेनने १९३७ मध्ये जर्मन ऑटोबानवर ताशी २७९ किलोमीटरहून अधिक वेग गाठला, आणि १९३९ मध्ये जॉर्ज मायरने आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. ब्रिटन-आयर्लंडबाहेरच्या स्वाराने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी एजेएसच्या सुपरचार्ज केलेल्या चार सिलिंडरच्या बाइकवर वॉल्टर रस्कने अल्स्टर ग्रां प्रीमध्ये ताशी शंभर मैलांच्या वर सरासरीची फेरी मारली.

मग महायुद्ध झालं, आणि १९४६ मध्ये जागतिक संघटनेने शर्यतींतून सुपरचार्जरच काढून टाकला. बिचाऱ्या एजेएसची गंमत अशी की त्यांनी पुढची बाइक, ‘पॉर्क्युपाइन’, सुपरचार्जर गृहीत धरून आखली होती. नियम बदलल्यावर तेच इंजिन भात्याविना पळवावं लागलं. तरीही १९४९ ची पाचशे सीसीची पहिली जागतिक स्पर्धा तिने जिंकली, हे विशेष.

मधल्या काळात, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, जपानी कंपन्यांनी टर्बोच्या बाइक काढून पाहिल्या. होंडाची सीएक्स ५०० टर्बो त्यांतली एक. टर्बो म्हणजेही गोफणच, पण ती फिरते इंजिनाबाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. धूर वाढेपर्यंत ती आळसावलेली असते, आणि मग एकदम अंगात आल्यासारखी सुटते. चारचाकीत ते खपून जातं. वळणावर कललेल्या दुचाकीत असा उशिरा येणारा धक्का कुणालाच नको असतो. सुपरचार्जर थेट क्रँकशाफ्टला जोडलेला असतो, त्यामुळे मूठ पिळली की तो तिथल्या तिथे साथ देतो. किंमत एवढीच, की तो स्वतः फिरायला इंजिनाचीच थोडी ताकद खातो.

३. पुलीचा हिशेब

समजा, आपल्या हौशी मंडळींपैकी कुणी पाचशे सीसीच्या एका सिलिंडरच्या बाइकला छोटा रूट्स ब्लोअर लावायचं ठरवलं. ब्लोअर एका फेऱ्यात ३०० सीसी हवा पुढे सारतो. इंजिन चार स्ट्रोकचं, म्हणून दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतं. एका फेऱ्याला हिशेबाने २५० सीसी.

दोन्ही पुल्या सारख्या असल्या, तर ब्लोअर ३०० देतो आणि इंजिनाला २५० हवी. ३०० भागिले २५०, म्हणजे १.२ पट. ब्लोअर दीडपट वेगाने फिरवला, तर ४५० भागिले २५०, म्हणजे १.८ पट. प्रत्यक्षात ब्लोअरच्या फटींतून थोडी हवा मागे निसटते, म्हणून आकडा जरा कमी भरतो. पण पहिली पुली निवडायला एवढा हिशेब पुरतो.

इथे एक पेच आहे. ब्लोअर सतत हवा देतो, आणि एका सिलिंडरचं इंजिन ती घोटाघोटाने घेतं: एक मोठा घोट, मग दीड फेरा काहीच नाही. सोसायटीतला पंप आणि नळ आठवा. पंप एकसारखा चालतो, नळ मात्र मर्जीप्रमाणे उघडतात. म्हणून मध्ये गच्चीवर टाकी. तशीच एक टाकी ब्लोअर आणि इंजिन यांच्यामध्ये लागते. ती नसेल तर दाब नाडीसारखा उडत राहतो आणि कुठलंही मोजमाप भरवशाचं उरत नाही. चार सिलिंडर आळीपाळीने घोट घेतात, म्हणून तिथे हा त्रास कमी. तरीही एच टूमध्ये अशी टाकी आहेच, सहा लिटरची, अल्युमिनियमची.

४. मिनिटाला सव्वा लाख फेरे

आता गोफणीकडे. कावासाकीने एच टू आर सप्टेंबर २०१४ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात मांडली आणि पाठोपाठ रस्त्यावर चालवता येईल अशी एच टू आणली. एच टू आर ३१० घोड्यांची, फक्त ट्रॅकसाठी. एच टू तेव्हा २०० घोड्यांची. पंखा बाहेरून विकत न घेता कंपनीने आपल्याच गॅस टर्बाइन, विमान आणि यंत्रविभागातल्या लोकांना सोबत घेऊन बनवला. या कंपनीच्या काही बाइक आपल्या चाकणला जुळवल्या जातात. एच टू मात्र भारतात आली ती जपानहून तयार होऊनच.

पंखा केवढा? व्यास ६९ मिलिमीटर. तळहातावर सहज मावेल. गिअरच्या साखळीतून तो क्रँकच्या ९.२ पट वेगाने फिरतो. एच टू आरचं इंजिन १४,००० आरपीएमवर असलं, की पंखा मिनिटाला सुमारे १ लाख २९ हजार फेरे मारत असतो.

हा आकडा नुसता वाचून डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून हिशेब करू. ६९ मिलिमीटर व्यासाचा घेर सुमारे २१७ मिलिमीटर. सेकंदाला फेरे दोन हजार एकशेच्या वर. म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला साडेचारशे मीटरपेक्षा अधिक वेगाने धावतं. आवाज हवेतून जातो सेकंदाला साधारण ३४५ मीटरने. हे टोक आवाजाच्या पुष्कळ पुढे आहे. त्या टोकाशी चिकटलेला एक ग्रॅम धातू बाहेर निसटायला बघतो तो सहाशे किलोंहून जास्त ओढीने. म्हणून हा पंखा ओतीव नाही, घडीव अल्युमिनियमच्या गोळ्यातून कोरून काढलेला आहे.

ट्यूनरला यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. गोफणीचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ११,००० आरपीएमला पंखा समजा एक बार जादा दाब देत असेल, तर अर्ध्या वेगाला, ५,५०० ला, निम्मा नव्हे तर पाव बारच देणार. रहाटाच्या बाइकला तळापासून जोर असतो; गोफणीची बाइक खाली शहाण्या मुलासारखी वागते आणि वर गेल्यावर रंग दाखवते. एकीचं कोष्टक दुसरीला कधीच चालत नाही.

५. दुप्पट दाब म्हणजे दुप्पट हवा नव्हे

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, हे आपण सगळ्यांनी हात लावून पाहिलेलं आहे. हवा दाबली की तापते, आणि तापली की फुगते. म्हणजे भात्याने एका हाताने दिलेलं उष्णता दुसऱ्या हाताने काही अंशी काढून घेते.

बाहेर ३० अंश आहे. दाब दुप्पट केला. कॉम्प्रेसर अगदी आदर्श असता तर हवा ९६ अंशांवर गेली असती. ७५ टक्के कार्यक्षमतेचा असेल तर ती ११८ अंशांच्या आसपास जाते. या तापमानाला फुगलेल्या हवेचा हिशेब केला, तर सिलिंडरमध्ये हवा दुप्पट जात नाही, जाते साधारण दीडपटीच्या थोडी वर. पैसे दोनचे, माल दीडचा.

यावर मोटारीतला उपाय म्हणजे इंटरकूलर, हवा थंड करणारा रेडिएटर. बाइकवर त्याला जागा कुठून आणायची? कावासाकीने तो टाळला. पंखाच इतका कार्यक्षम केला की हवा कमी तापावी, आणि टाकी अल्युमिनियमची केली की थोडी उष्णता तिच्यातून निघून जावी. शिवाय एच टूचं कॉम्प्रेशन ८.५ ला १ इतकंच ठेवलं. आजच्या साध्या स्पोर्ट बाइकमध्ये ते १२-१३ असतं. हवा आधीच दाबून आलेली. पिस्टनने तिला पुन्हा तितकंच दाबलं तर पुढच्या भागात सांगितलेला अनर्थ ठरलेला.

६. माळ की सुतळी बॉम्ब?

ट्यूनरची झोप उडवणारा शब्द म्हणजे नॉकिंग.

सिलिंडरमध्ये स्फोट होतो असं आपण बोलताना म्हणतो, पण चांगल्या इंजिनात स्फोट होत नाही. फटाक्यांची माळ आठवा. एका टोकाला काडी लावली की ती क्रमाने पेटत जाते. प्लगच्या ठिणगीपासून निघालेली ज्योतही अशीच कडेपर्यंत चालत जाते आणि पिस्टनला सलग रेटा देते. पण कडेचं मिश्रण आधीच फार तापलेलं आणि दाबलेलं असेल, तर ते ज्योतीची वाट पाहत नाही. आपलं आपण, सगळं एकदम उडतं. माळेचा सुतळी बॉम्ब होतो. पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज येतो. चढावर वरच्या गिअरमध्ये ओढलेली जुनी बाइक ‘टिक टिक’ करते, तेच हे. साध्या बाइकला थोडी टिकटिक चालून जाते. सुपरचार्ज केलेल्या इंजिनात काही सेकंदांत पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकतं.

याला आवरायचे मार्ग तीन.

पहिला, पेट्रोलचा ऑक्टेन. हा आकडा ताकद सांगत नाही, सहनशक्ती सांगतो. आपल्या पंपावर पूर्वी साधं पेट्रोल ९१ चं आणि वरचं ९५ चं असे; काही निवडक पंपांवर १०० चंही मिळतं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालून साधी स्कूटर जोरात पळत नाही. तो खर्च वायाच.

दुसरा, ठिणगीची वेळ. झोपाळ्याला धक्का द्यायची एक वेळ असते. आधी दिला तर हातालाच लागतो, उशिरा दिला तर वाया. ज्योत पसरायला वेळ लागतो म्हणून ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या आधीच पाडतात. ६,००० आरपीएमला ३० अंश आधी म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. पण दाट मिश्रण लवकर पेटतं. म्हणून दाब वाढला की ठिणगी मागे सरकवायची. वाढलेल्या दाबाच्या दर पीएसआयला (दर चौरस इंचाला एक पाउंड) साधारण एक अंश, असा ट्यूनर मंडळींचा सुरुवातीचा ठोकताळा. ठोकताळाच, नियम नव्हे.

तिसरा मार्ग मला सगळ्यांत आवडतो, कारण तो माठाचा आहे. हिशेबाने १४.७ ला १ मिश्रण पुरेसं असताना, पूर्ण दाबाखाली ते १२ ला १ किंवा त्याहूनही दाट ठेवतात. जास्तीचं पेट्रोल ताकदीसाठी नसतंच. ते उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं, माठ पाझरून पाणी गार ठेवतो तसं. मायलेजचं मात्र नाव काढू नये.

गंमत अशी, की बाइकच्या गोंगाटात नॉकिंग कानाला ऐकूच येत नाही. म्हणून इंजिनाच्या अंगाला सेन्सर लावून, नाहीतर डॉक्टरच्या नळीसारखी नळी जोडून कान देऊन बसतात.

७. नकाशा भरायचा कसा?

कार्बोरेटरच्या जमान्यात ट्यूनिंग म्हणजे जेट बदलणं, सुई वर-खाली करणं आणि प्लग काढून पाहणं. आता बाइकच्या संगणकात एक कोष्टक असतं, पाढ्यांच्या तक्त्यासारखं. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला हवेचा दाब, आणि प्रत्येक चौकटीत पेट्रोल किती सोडायचं याचा आकडा. ठिणगीचं कोष्टक वेगळं. वीस ओळी, वीस रकाने धरले तरी प्रत्येकात चारशे चौकटी झाल्या. याला म्हणतात मॅप.

पहिली अडचण इथेच. साध्या बाइकचा संगणक अनेकदा थ्रॉटल किती उघडला एवढ्यावरून हवेचा अंदाज बांधतो. भाता लागल्यावर हा अंदाज कोलमडतो. त्याला दाब मोजणारा सेन्सर द्यावा लागतो आणि नवा तक्ता शिकवावा लागतो.

दुसरी अडचण हौशी लोकांना हमखास गाठते. १२,००० आरपीएमला इंजिनाचं एक चक्र, म्हणजे दोन फेरे, दहा मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टर पूर्वी त्यातले आठ मिलिसेकंद उघडा राहत होता. हवा दीडपट झाली, म्हणून पेट्रोलही दीडपट, म्हणजे बारा मिलिसेकंद हवेत. चक्र दहाचंच! इंजेक्टर सतत उघडा राहिला तरी पुरवठा अपुरा.

त्यात भर म्हणजे पेट्रोलचा दाब. इंजेक्टरमागे तीन बार दाब आहे, आणि समोर भात्याने एक बार जादा चढवला. म्हणजे ढकलणारा फरक दोनच बार उरला. हिशेबाने पेट्रोल १८ टक्क्यांनी घटतं, आणि नेमकं तेव्हा, जेव्हा ते सर्वांत जास्त हवं असतं. पुढचं संकट वेगळं सांगायला नको. म्हणून मोठे इंजेक्टर, तगडा पंप आणि समोरचा दाब वाढला की मागचाही तेवढाच वाढवणारा रेग्युलेटर, हे तिन्ही आधी. पंखा नंतर.

मग बाइक डायनोवर चढवतात. मागचं चाक जड रुळावर फिरतं आणि ताकद मोजली जाते. ब्रेक लावता येणारा रूळ असेल तर उत्तम, कारण मग इंजिन एकाच वेगावर, एकाच दाबावर धरून ठेवता येतं आणि एकेक चौकट शांतपणे भरता येते. सायलेन्सरमधला लॅम्डा सेन्सर मिश्रण दाट की विरळ ते दाखवत राहतो. आधी पेट्रोल मुद्दाम जास्त आणि ठिणगी मुद्दाम उशिरा ठेवायची, मग हळूहळू पेट्रोल कमी आणि ठिणगी पुढे. उलट्या दिशेने जाणारा माणूस पहिली चूक करतो तीच शेवटची ठरते, कारण विरळ मिश्रण आणि लवकर पडलेली ठिणगी माफी देत नाही. ताकद वाढायची थांबली की ठिणगी आणखी पुढे नेण्यात काही अर्थ नसतो; तिथून एक-दोन अंश मागे यायचं. आलेखावर शेवटचे दोन घोडे कमी दिसतात म्हणून खंत करणाऱ्यांनी नवीन पिस्टनची किंमत विचारून यावी.

डायनोची एक उणीव असते. तिथला मोठा पंखा कितीही घोंघावला, तरी ताशी दोनशेच्या वाऱ्याची बरोबरी करत नाही. शिवाय पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेची १२ अंशांची हवा आणि मे महिन्यातली ४० अंशांची हवा यांच्या दाटपणात नऊ टक्क्यांचा फरक पडतो. तापमानाचा सेन्सर तो सांभाळून घेतो खरा, पण त्याचीही दुरुस्ती बरोबर आहे का, हे बाहेर पडल्याशिवाय कळत नाही.

८. बाहेर काढताना

पहिली फेरी पाच-दहा मिनिटांचीच असावी, आणि तिच्यात भात्याचा उपयोगच करू नये. अर्ध्याहून कमी थ्रॉटल, कमी आरपीएम. परत यायचं, बाइक गार होऊ द्यायची, मग हात फिरवून पाहायचं: तेल कुठे पाझरलं का, रबरी नळीचा क्लिप सरकला का, पट्ट्याचा भुगा पडलाय का. पट्टा घसरत असेल तर दाबाचा काटा वरच्या आरपीएमला लटपटतो. ट्यूनर तासन्तास मॅपमध्ये चूक शोधत बसतो आणि दोष असतो पट्ट्याच्या ताणात.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तिसरा गिअर. पहिल्या दोन गिअरमध्ये बाइक इतकी झपकन वर जाते की नोंदी पुरेशा होत नाहीत, आणि पुढचं चाक उचललं जायची भीतीही असते. पाचव्या-सहाव्यात वेग आवाक्याबाहेर जातो. तिसऱ्यात चार हजारांवरून मूठ सावकाश उघडायची, ठरवलेल्या आकड्याला बंद करायची, आणि संगणकातली नोंद उतरवून बघायची. मगच पुढचे हजार आरपीएम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकदम बदलली, तर बाइक सुधारली कशाने हे देवालाच ठाऊक.

मूठ बंद करण्याचीही परीक्षा असते. पंप चालू असताना नळ एकदम बंद केला की पाइप धडधडतो. तसंच, थ्रॉटल मिटला तरी पंखा फिरतच असतो, आणि कोंडलेली हवा मागे उसळून पंख्यावरच आदळते. तिला वाट द्यायला झडप ठेवतात. एच टूची मूठ सोडल्यावर ऐकू येणारी पाखरांच्या किलबिलाटासारखी चिवचिव ती हीच. ऐकणाऱ्याला गोड वाटते. ट्यूनरला ती सांगते की झडप वेळेवर उघडली.

वेगाचंही एक गणित आहे. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी ३०० ला समजा १३० घोडे पुरले, तर ४०० ला किती? ४०० हे ३०० च्या एक पूर्णांक एक तृतीयांश पट. त्याचा घन सुमारे २.३७. म्हणजे ३०८ घोडे. तुर्कस्तानातल्या त्या पुलावर तीनशे घोडे कुठे खर्च झाले, ते इथे दिसतं. स्वाराच्या बाजूने पाहिलं तर ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. एक सेकंद दाबाच्या काट्याकडे नजर गेली की जवळपास एका फुटबॉलच्या मैदानाएवढी वाट न बघता पार झाली. म्हणून चाचणीत काट्यांकडे बघायचंच नाही. नोंदी संगणकाने ठेवायच्या, डोळे रस्त्यावर.

आणि रस्ता म्हणजे जुना मुंबई-पुणे हायवे नव्हे. उगवती रविवार सकाळ असली तरी नव्हे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलांत बदल करायला मनाई करतं, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही बहुधा गेलाच. अशा बाइकची जागा बंद ट्रॅकवर: चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरची कारी स्पीडवे, नोएडाजवळची बुद्ध सर्किट. वेगाच्या चाचण्यांसाठी इंदूरजवळ पिथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ची ११.३ किलोमीटरची लंबवर्तुळाकार धाव आहे. जून २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी तिचं उद्घाटन केलं.

शेवटची परीक्षा मात्र अजूनही जुनीच आहे. पूर्ण जोराच्या दौडीनंतर ट्यूनर स्वाराला सांगतो: मूठ सोड, त्याच क्षणी क्लच दाब, इंजिन बंद कर, तसाच घरंगळत ये. मग तो पान्याने गरम प्लग काढतो, फडक्यात धरून उजेडाकडे करतो. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, म्हणजे चिंता नाही. पांढराफटक दिसला आणि त्यावर बारीक चकाकणारे ठिपके असले, तर ते पिस्टनचं अल्युमिनियम आहे. अशा वेळी स्वार विचारतो, ‘अजून एक राउंड मारू का?’ ट्यूनर मान हलवून लॅपटॉप उघडतो, वरच्या आठ चौकटींत पेट्रोल चार टक्क्यांनी वाढवतो, ठिणगी दोन अंश मागे घेतो, आणि पिस्टन बघायला आधी इंजिनात छोटा कॅमेरा घालतो.